सरव्याची कविता

कापणी झाली, पेंढ्या खळ्यावर गेल्या, की मोकळ्या झालेल्या रानात जी कणसे मागे पडून राहतात त्यांना सरवा म्हणतात. ज्यांच्या नावावर शेत नव्हते त्यांच्या घरातील बाया पदराची झोळी करून हा सरवा वेचीत. आपल्या निवासी शाळेत गेली काही वर्षे मुले-मुली कवितेचा जो एक प्रकार हाताळीत आहेत, त्याला इंग्रजीत 'फाउंड पोएम' असे नाव आहे. काही जण त्याचे भाषांतर 'सापडलेली कविता' असे करतात. आम्हांस ते पटत नाही. सापडणारी वस्तू अवचित हाती येते. सरव्यासाठी कंबर वाकवावी लागते. म्हणून आम्ही वर्गात 'वेचलेली कविता' म्हणतो, आणि मुलांनी परस्पर 'सरवा' हे नाव रूढ करून टाकले आहे.

या कवितेची अट एवढीच, की कवीने स्वतःचा एकही शब्द लिहायचा नाही. आधीच कोणीतरी, बहुधा कवितेचा विचारही मनात नसताना, लिहून ठेवलेला मजकूर घ्यायचा. सूचना, पावती, अर्ज, पत्र, नोंदवही, निकालपत्र, बियाण्याच्या पिशवीवरील माहिती, यांपैकी काहीही. त्यातील काही शब्द ठेवायचे, बाकीचे सोडायचे, ओळी कोठे तोडायच्या ते ठरवायचे आणि खाली मूळ मजकूर कोणता होता ते लिहायचे.

या उपक्रमाविषयी गेल्या वर्षभरात पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आमच्याकडे दोन आक्षेप नोंदविले आहेत. पहिला असा, की परीक्षेत नक्कल करू नका असे ज्या मुलांना सांगता त्यांनाच कवितेच्या तासाला नक्कल कशी शिकविता? दुसरा अधिक गंभीर आहे. ज्या समाजाला शतकानुशतके बोलू दिले नाही, त्याच्या मुलांनी स्वतःचे शब्द सोडून दुसऱ्यांचे शब्द का उचलावेत? या दुसऱ्या आक्षेपासाठीच आम्ही हा लेख स्मरणिकेकडे दिला आहे. पहिल्याचे उत्तर दोन वाक्यांत होते. नक्कल करणारा आपला स्रोत लपवितो आणि वेचणारा तो कवितेखाली लिहितो. दुसऱ्याची कविता निनावी किंवा भलत्याच थोर माणसाच्या नावाने मोबाइलवरून पुढे ढकलण्याचा जो रोग आज घराघरांत शिरला आहे, त्यावर याहून चांगला उतारा आम्हांस ठाऊक नाही.

दुसऱ्या आक्षेपाकडे वळण्यापूर्वी एक कविता वाचावी. नववीतील एका मुलीने वसतिगृहाच्या दाराशी असलेली भेट-नोंदवही अधीक्षिकांच्या परवानगीने वाचली. तीत दिनांक, नाव, नाते, कारण, आत, बाहेर आणि सही असे छापील रकाने आहेत. तिने नावे आणि दिनांक वगळले. नोंदी एकाच घरच्या नाहीत, अनेक घरांच्या आहेत. त्यांचा क्रम मात्र नोंदवहीतलाच आहे.

नाते आई. कारण भेट.
आत ११.१०, बाहेर ११.३५.

नाते वडील. कारण दाखला.
आत १.००, बाहेर १.१०.

नाते आई. कारण लाडू.
आत ४.०५, बाहेर ४.१५.
सही अंगठा.

नाते आई-वडील. कारण कारखान्यावर जाणे.
आत ६.२०, बाहेर ६.४०.

नाते
नाते
नाते

नाते आई. कारण घरी नेणे.
आत ९.००, बाहेर

महिना संपला की उरलेल्या ओळी कोऱ्या सोडून नवे पान सुरू करण्याची आमच्या पहारेकऱ्यांची पद्धत आहे. त्या कोऱ्या ओळीही या मुलीने उचलल्या. ऊसतोडीचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत लांबतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना त्या तीन कोऱ्या नात्यांचा अर्थ सांगावा लागणार नाही. शेवटच्या नोंदीत बाहेर पडण्याची वेळ लिहायची राहून गेली होती. तीही तिने तशीच ठेवली.

याच मुलीला 'ऊसतोड कामगाराच्या मुलीचे मनोगत' असा विषय दिला असता तर काय झाले असते, याची आम्हांस पूर्ण कल्पना आहे. कारण तीस वर्षे असे निबंध आम्ही तपासले आहेत. कोयता आला असता, पाचटाची झोपडी आली असती, डोळ्यांतले अश्रू आले असते आणि अखेरीस शिक्षण घेऊन समाजाचे ऋण फेडण्याचा निर्धार आला असता. त्यातले काहीच खोटे नसते. तरीही त्यातला एकही शब्द तिने निवडलेला नसता. स्पर्धांच्या परीक्षकांना आमच्या मुलांकडून दुःख हवे असते, तेही ठराविक मापाचे, आणि ते कसे पुरवायचे हे मुले लवकर शिकतात. स्वतःच्या शब्दांत लिहा असे सांगूनही जे हाती येते ते पुष्कळदा आमच्या पिढीने लिहून ठेवलेले असते. म्हणजे उसनवारी तेथेही चालूच असते. फरक इतकाच, की तेथे ती कोणी कबूल करीत नाही.

आता आक्षेपाचे मूळ. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' त्याआधी १९७२ साली. त्या पुस्तकांनी मराठी वाङ्मयाला जे ऐकविले ते दुसऱ्या कोणाचे शब्द वेचून ऐकविता आले नसते. स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या वस्तीच्या बोलीत सांगणे ही त्या काळाची गरज होती आणि आजही ती संपलेली नाही. जे आमच्याशी वाद घालतात ते ही परंपरा राखण्यासाठी घालतात, म्हणून त्यांचा आम्ही आदरच करतो. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आमचे एक निरीक्षण आहे. आपल्या पूर्वजांविषयी जे लिहिलेले उरले आहे त्याचा फार मोठा भाग त्यांनी स्वतः लिहिलेला नाही. ते दिसतात ते कुलकर्ण्याच्या दप्तरात, वेठीच्या यादीत, फिर्यादीत, जनगणनेच्या रकान्यात, पलटणीच्या हजेरीपटात. लिहिणारा दुसरा, लिहिण्याचे कारण दुसऱ्याचे. अशा कागदांपुढे दोनच वाटा आहेत: एक त्यांच्याकडे पाठ फिरविण्याची आणि दुसरी त्यांत शिरून आपली माणसे शोधण्याची. वेचलेली कविता ही दुसरी वाट आहे. इतिहासकार तळटिपा देऊन जे करतो ते येथे ओळी तोडून केले जाते.

हे आम्हीच प्रथम म्हणतो आहोत असे नाही. अमेरिकेत चार्ल्स रेझ्निकॉफ नावाचे कवी होऊन गेले (१८९४–१९७६). रशियातून परागंदा झालेल्या ज्यू कुटुंबातला हा माणूस वकिलीचे शिक्षण घेतलेला होता, आणि कायद्याच्या एका ज्ञानकोशासाठी खटल्यांचे सारांश लिहिण्याचे काम त्याने केले. ते काम करताना जुन्या निवाड्यांच्या थप्प्या त्याच्या नजरेखालून गेल्या. गिरणीत हात गेलेली मुले, रेल्वेखाली सापडलेले मजूर, दक्षिणेतील काळ्या माणसांवरील हल्ले. या सगळ्यांच्या साक्षी त्यांत होत्या. त्यातून त्याने 'टेस्टिमनी' हे दीर्घ काव्य रचले. त्याचा पहिला गद्य अवतार १९३४ सालचा आहे आणि पुढे ते काम आयुष्यभर चालले. १९७५ साली त्याचे 'होलोकॉस्ट' आले, ते न्यूरेंबर्ग आणि आइकमन खटल्यांच्या नोंदींवर उभे आहे. कवी कोठेही हळहळत नाही, शाप देत नाही, उपमा देत नाही. साक्षीदाराने न्यायालयात जे सांगितले ते थोडे छाटून तो वाचकासमोर ठेवतो. भावना सांगितल्या की कविता होते, असे मानणाऱ्या आमच्या संमेलनप्रिय कवींनी या माणसाकडे एकदा पाहावे.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. १७८१ साली 'झाँग' नावाच्या गुलामवाहू जहाजावरून एकशेतीसहून अधिक आफ्रिकी माणसांना जिवंतपणी समुद्रात फेकण्यात आले. लिव्हरपूलच्या मालकांनी पुढे त्यांच्या विम्याची रक्कम मागितली. १७८३ साली जे प्रकरण लंडनच्या न्यायालयात चालले ते खुनाचे नव्हते, विम्याचे होते. माणसे माल म्हणून नोंदलेली होती, आणि मालाच्या नुकसानीची भरपाई द्यावी की न द्यावी एवढाच वाद होता. त्या खटल्याचा छापील वृत्तान्त जेमतेम दोन पानांचा आहे. टोबॅगोत जन्मलेल्या आणि कॅनडात राहणाऱ्या एम. नूर्बेसे फिलिप या कवयित्रीने, ज्या स्वतः वकील होत्या, त्या दोन पानांतील शब्द घेऊन २००८ साली 'झाँग!' हा ग्रंथ सिद्ध केला. शब्द पानभर विखुरलेले आहेत, पुढे पुढे तर ते फुटून अक्षरे सुटी होतात. वृत्तान्तात मेलेल्यांपैकी कोणाचेही नाव नाही. म्हणून पहिल्या भागात पानांच्या तळाशी एक रेघ ओढून तिच्याखाली त्यांनी आफ्रिकी नावे दिली आहेत. ज्या कागदाने माणसांना माल केले त्याच कागदाचे शब्द वापरून त्यांनी त्या माणसांचे शोकगीत केले. ते दुसऱ्याचे शब्द होते म्हणून कवयित्रीचा आवाज हरवला, असे कोणी म्हणू शकेल काय?

हे वाचून आपल्या मनात महाड येते. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले, हा प्रसंग आपल्या मुलांना गाण्यांतून पाठ आहे. त्यानंतर डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्ण रहिवाशांनी न्यायालयात दावा लावला आणि तो मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी निकाली निघाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पाणी पिणे हा एका क्षणाचा प्रसंग, पण त्याच्या कागदांना नऊ वर्षे लागली. वादाचा मुद्दा तहान हा नव्हताच. तळे कोणाच्या मालकीचे आणि अस्पृश्यांना मज्जाव करणारी रूढी अनादी काळापासून चालत आली आहे हे सिद्ध होते काय, एवढाच मुद्दा होता. ती सिद्ध होत नाही असे न्यायालय म्हणाले. माजी विद्यार्थ्यांच्या लेखन-मंडळातील एका वकील मित्राने त्या इंग्रजी निवाड्याची प्रत आणली, आणि पाच-सहा जण तिच्यावर दोन रविवार बसले. त्यातून झालेली कविता अजून कच्ची आहे, म्हणून ती या अंकात नाही. परंतु त्या दोन रविवारी मंडळींनी निवाडा जितका बारकाईने वाचला तितका आम्ही शिकविताना कोणी वाचल्याचे आम्हांस आठवत नाही. सोडायचा कोणता शब्द हे ठरवायचे तर प्रत्येक शब्दापाशी थांबावे लागते.

मराठीत हे काम इंग्रजीपेक्षा अवघड आहे, आणि त्या अडचणीतच गंमत आहे. इंग्रजी शब्द कात्रीने कापला तर बहुधा सुटा निघतो. मराठी शब्द सुटा येत नाही. त्याच्यामागे प्रत्यय लोंबत असतो, क्रियापदाला लिंगवचनाची खूण चिकटलेली असते. 'दिली' एवढाच शब्द उचलला तरी जे दिले ते पुल्लिंगी नव्हते एवढे तो सांगून जातो. मग भाकरी दिली, की सुट्टी दिली, की शिवी दिली? आठवीच्या वर्गात या एका शब्दावर अर्धा तास चर्चा झाली. व्याकरणाच्या पुस्तकावर इतकी चर्चा कधी झाल्याचे ऐकिवात नाही.

दुसरी गोष्ट कार्यालयीन मराठीची. या भाषेला कर्ता नसतो. तिच्यात कोणी काही करीत नाही. सर्व काही 'करण्यात येते'. एका मुलाने वर्षभरात निरनिराळ्या फलकांवर वाचलेल्या सूचनांतील केवळ क्रियापदे वहीत उतरवून घेतली होती. त्याची कविता अशी:

सूचित करण्यात येते.
बंद ठेवण्यात येईल.
प्रवेश दिला जाणार नाही.
दखल घेतली जाणार नाही.
कारण सांगितले जाणार नाही.
नोंद घ्यावी.
नोंद घ्यावी.
सही/-

निदान सहीपाशी तरी माणूस यावा, तर तेथे एक तिरकी रेघ आहे. ज्यांचे आयुष्य दाखल्यांच्या आणि अर्जांच्या खिडक्यांपुढे गेले आहे अशा पालकांना ही कविता वाचून दाखविली तेव्हा ते मनापासून हसले. शिक्षक-कक्षातही ती काही दिवस लावलेली होती, आणि त्या दिवसांत सूचना लिहिणाऱ्यांचे हात जरा अडखळत होते. एखाद्या कवितेला याहून मोठी दाद कोणती मिळावी?

आपल्याकडे हे सर्वस्वी परके आहे असेही नाही. अरुण कोलटकरांची 'तक्ता' ही कविता प्रत्येक शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या वर्णमालेच्या तक्त्यावरून उभी राहते. धम्मपदाच्या ४२३ गाथांपैकी बऱ्याच गाथा त्रिपिटकात इतरत्रही आढळतात. कोणीतरी त्या वेचून, वर्ग पाडून, एकत्र ठेवल्या. जात्यावरच्या ओव्यांचे तर विचारूच नये. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि त्यांत बाबासाहेबांवरील ओव्याही आहेत. पहिली ओळ आजीची, दुसरी सुनेची, नाव कोणाचेच नाही. मालकीचा प्रश्न त्या बायांना कधी पडला नाही. वामनदादा कर्डकांविषयी असे सांगतात, की तरुणपणी त्यांना अक्षरओळख नव्हती, कोणीतरी वाचायला दिलेले पत्र त्यांना वाचता आले नाही आणि ती गोष्ट त्यांना फार लागली. मग एका गुरुजींकडून ते बाराखडी शिकले आणि जोडाक्षरे त्यांनी मुंबईच्या दुकानांवरील पाट्या वाचीत गिरवली. ज्याच्या गाण्यांनी दोन पिढ्या जाग्या केल्या त्या माणसाचे पहिले पुस्तक म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या! आमची मुले बियाण्याच्या पिशवीवरून कविता वेचतात तेव्हा त्यांना हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

मात्र या प्रकारात धोका आहे आणि तो लहान नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील फर्ग्युसन येथे मायकल ब्राउन हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये केनेथ गोल्डस्मिथ या गोऱ्या कवीने ब्राउन विद्यापीठातील एका कार्यक्रमात त्या तरुणाचा शवविच्छेदन-अहवाल कविता म्हणून वाचला. परिणामासाठी त्याने अहवालातील क्रमात फेरफार केला आणि शेवट मृताच्या गुप्तांगाच्या वर्णनावर आणला. त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि तो योग्यच होता असे आमचे मत आहे. नियमाने पाहता रेझ्निकॉफने केले तेच गोल्डस्मिथने केले. दोघांनीही सरकारी कागद घेतला आणि त्यातून निवडले. तरी एकाच्या हातून माणूस जवळ आला आणि दुसऱ्याच्या हातून तो पुन्हा एकदा टेबलावर उघडा पाडला गेला. कागदातला माणूस कोण, वेचणारा कोण, ऐकणारे कोण आणि त्या माणसाची आई त्या सभागृहात बसलेली असती तर ही ओळ याच जागी राहिली असती काय, हे प्रश्न ज्याला पडत नाहीत त्याने या वाटेला जाऊ नये. गावोगावच्या अत्याचारांचे अहवाल आपल्याकडेही आहेत. ते मुलांच्या हाती कवितेसाठी देण्यास आमचा विरोध आहे. कोणाचे अखेरचे पत्रही आम्ही कापू देत नाही; ते लिहिणाऱ्याने ज्या शब्दांत लिहिले त्याच शब्दांत पुरे वाचले जावे.

बाबासाहेबांच्या लेखनाविषयी आमच्या मंडळात तीव्र मतभेद आहेत. काही तरुण माजी विद्यार्थ्यांना त्यांच्या भाषणांचे पान घेऊन, मधले शब्द काळे करून, उरलेल्यांतून नवे काही घडवावेसे वाटते. इंग्रजीत असे प्रयोग पुष्कळ होतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातून ट्रेसी के. स्मिथ यांनी 'डिक्लरेशन' ही कविता याच रीतीने काढली, आणि तीत गुलामांच्या वारसांची फिर्याद ऐकू येते. पण तेथे मजकूर सत्ताधाऱ्यांचा होता आणि पुसणारी व्यक्ती वंचितांच्या बाजूची होती. बाबासाहेबांचे शब्द आजवर इतक्या जणांनी सोयीने पुसले आहेत, इतकी अर्धी वाक्ये फलकांवर आणि मोबाइलवर फिरत आहेत, की त्यांत आपल्या मुलांच्या शाईची भर पडू नये असे आम्हांस ठामपणे वाटते. त्यांच्या लेखनातून वेचायचे असेल तर सलग वाक्य घ्यावे, क्रम बदलू नये, खंड आणि पृष्ठ द्यावे. हे कर्मठपणाचे वाटते असे एका मित्राने आम्हांस तोंडावर सांगितले. वाटो. विषमतेचे समर्थन करणाऱ्या ग्रंथांची पाने मात्र मोठ्या वर्गांतील मुलांनी अवश्य काळी करावीत. तिला कोणी २५ डिसेंबर १९२७ ची बरोबरी म्हणू नये, इतकेच. तो हजारोंच्या सभेतला जाहीर निर्णय होता आणि ही वहीतली शाई आहे.

कवितेच्या उत्सवाविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. आमच्या परिसरात काव्यसंमेलन म्हटले की व्यासपीठावर अकरा खुर्च्या, शाली, नारळ, दोन तास सत्कार आणि उरलेल्या वेळेत प्रत्येकी एक कविता असा क्रम ठरलेला असतो. कवी आपली कविता वाचतो आणि चहाच्या दिशेने निघून जातो. दुसऱ्याची ऐकायला कोणी थांबत नाही. आपल्या लेखन-मंडळाने सुरुवातीपासून एक साधा नियम पाळला आहे, की कोणीही स्वतःची कविता वाचायची नाही. चिठ्ठी काढून ज्याची येईल त्याची कविता वाचायची. त्यासाठी ती आधी नीट वाचावी लागते, ओळ कोठे तुटते ते पाहावे लागते, न कळल्यास लिहिणाऱ्याला विचारावे लागते. नोंदवहीची ती कविता शाळेतील सर्वांत खोडकर म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुलाच्या वाट्याला आली होती. तीन कोऱ्या ओळी कशा वाचायच्या, असे त्याने तिला विचारले. 'नाते एवढेच म्हण आणि थांब,' ती म्हणाली. तो थांबला. सभागृहही थांबले.

युनेस्कोने १९९९ साली २१ मार्च हा जागतिक कविता दिन म्हणून घोषित केला. आपल्या कॅलेंडरवर त्याच्या आदल्याच दिवशी महाडचा २० मार्च येतो. यंदापासून मंडळाचे वार्षिक वाचन २० मार्चच्या संध्याकाळी, वंदनेनंतर, शाळेच्या पटांगणावर करावे असे ठरत आहे. व्यासपीठ नसेल. शालींचा खर्च वाचेल त्यातून वह्या घेता येतील.

त्यासाठी सरवा लागणार आहे, आणि तो आपल्या घरांत पडून आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या पेट्या उघडाव्यात. वसतिगृहात येताना आणलेल्या सामानाची यादी, गावाहून आलेली आंतर्देशीय पत्रे, मनिऑर्डरच्या पावतीवरचा दोन ओळींचा निरोप, कारखान्याची उचल-पावती, रेशनकार्डाचे जुने पान, नाकारलेल्या अर्जावरचा शेरा, आजोबांच्या पलटणीचा किंवा गिरणीचा कागद, यांपैकी जे असेल ते चालेल. कागद कोणाचा, कोणत्या वर्षाचा आणि त्यातले कोणते नाव जाहीर व्हायला नको, हे पाठीमागे पेन्सिलीने लिहावे. पत्र लिहिणारी व्यक्ती हयात असेल तर तिला आधी विचारावे. ती नको म्हणाली तर तेथेच थांबावे. मूळ कागद मात्र कोणीही पाठवू नये. झेरॉक्स पुरेशी आहे, आणि ती फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत शाळेच्या ग्रंथालयात पोहोचावी.